जखम भरते कशी? पेप्टाइडचे संशोधन आणि आपल्या घरातले पाय

पेप्टाइड हा शब्द आता वस्तीतल्या मोबाइलपर्यंत पोहोचला आहे. जिमला जाणारी मुले खांद्याचे दुखणे लवकर जावे म्हणून पेप्टाइडच्या इंजेक्शनची चौकशी करतात. चेहऱ्याच्या क्रीमच्या डबीवर तोच शब्द छापलेला असतो. घरात कुणाच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नसेल, तर कुणीतरी व्हिडिओ दाखवून सांगतो, "परदेशात नवे औषध निघाले आहे, दोन बाटल्या मागवा, पाय वाचेल." बाटलीची किंमत ऐकून घरातली माणसे गप्प होतात. काही जण कर्ज काढायच्या विचाराला लागतात.

म्हणून या वेळी आम्ही आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे. पेप्टाइड म्हणजे काय, प्रयोगशाळेत त्याबद्दल खरोखर काय सापडले, आणि आपल्या घरातल्या जखमेला त्यातले आज काय उपयोगी पडते, या तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने पाहू.

हा विषय आपल्यासाठी पुस्तकी नाही. आपल्या वस्तीत सफाई कामगार आहेत, नाक्यावर उभे राहणारे बिगारी आहेत, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी आहेत. फुटकी काच, खिळा, पत्रा, ओले सिमेंट यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध येतो. त्यात मधुमेह घरोघरी शिरला आहे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटची कितीतरी वर्षे पायांच्या दुखण्याने ते त्रस्त होते, आणि त्याच अवस्थेत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पूर्ण केला. साखरेचा आजार शरीराला आतून कसा पोखरतो हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

पेप्टाइड म्हणजे छोटी माळ

आपले शरीर प्रथिनांचे बनलेले आहे. प्रथिन म्हणजे एक लांब माळ समजा. या माळेतले मणी म्हणजे अमिनो आम्ले. शरीर मुख्यतः वीस प्रकारचे मणी वापरते. मणी तेच, पण ओवण्याचा क्रम बदलला की माळेचे काम बदलते. माळ लांब असेल तर तिला प्रथिन म्हणतात. दोन-तीन मण्यांपासून साधारण पन्नास मण्यांपर्यंतची छोटी माळ असेल तर तिला पेप्टाइड म्हणतात.

शरीरात या छोट्या माळा निरोप्याचे काम करतात. एक पेशी माळ सोडते, ती दुसऱ्या पेशीला जाऊन चिकटते आणि निरोप मिळतो: वाढ, थांब, इकडे ये, जंतूला मार.

असे एक पेप्टाइड आपल्या अनेक घरांत आधीपासून आहे. ते म्हणजे इन्सुलिन. त्यात ५१ मणी असतात. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले. त्याआधी लहानपणी मधुमेह झालेली मुले हमखास दगावत. इन्सुलिन टोचूनच का घ्यावे लागते? कारण गोळी करून गिळले तर पोटातले पाचक रस माळेचे मणी सुटे करून टाकतात.

म्हणजे पेप्टाइड हे एका औषधाचे नाव नाही. 'गोळी' म्हटल्यावर जसे कोणत्या आजाराची ते कळत नाही, तसेच नुसते 'पेप्टाइड' म्हटल्याने काहीच कळत नाही. कोणते, कशासाठी, कोणावर तपासलेले, हे विचारावेच लागते.

जखम भरते तेव्हा आत काय चालते

विळीने बोट कापले की पहिल्या काही मिनिटांत रक्तातल्या बिंबिका गोळा होऊन रक्त थांबवतात. त्याच वेळी त्या निरोपाच्या माळा सोडतात. तो निरोप ऐकून दुसऱ्या टप्प्यात पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू आणि मेलेले मांस साफ करतात. जखमेभोवती दोन-तीन दिवस लाली, सूज आणि ऊब दिसते ती या साफसफाईची.

तिसऱ्या टप्प्यात बांधकाम सुरू होते. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात आणि कडेची कातडी सरकत सरकत मधला भाग झाकते. चौथा टप्पा सर्वांत लांब चालतो. वरून जखम बुजली तरी आतले धागे पुन्हा पुन्हा नीट लावण्याचे काम कित्येक महिने चालते. तरीही जुन्या जखमेचा वण मूळ कातडीइतका मजबूत होत नाही. फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून एकदा जिथे जखम झाली तिथे पुन्हा होण्याची भीती जास्त असते.

मधुमेहात हे काम दुसऱ्याच टप्प्यावर अडकते. रक्तात साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे बांधकामाचा माल पोहोचत नाही. शिवाय पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे खिळा टोचला तरी कळत नाही. साफसफाई संपतच नाही आणि बांधकाम सुरूच होत नाही. जखम महिनोन् महिने उघडी राहते ती यामुळे.

कोलॅजेनची वीण मद्रासमध्ये उलगडली

जखम भरण्याचा धागा म्हणजे कोलॅजेन. त्याची रचना उलगडण्याचा मान भारताकडे आहे. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी दाखवले की कोलॅजेन ही तीन माळांची एकमेकींत गुंफलेली वेणी आहे. तिच्यात दर तिसरा मणी ग्लायसिन हा असतो. ग्लायसिन सर्वांत लहान मणी असल्यामुळेच वेणी घट्ट बसते. अभ्यासासाठी लागणारे कोलॅजेन, म्हणजे कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध, त्यांना शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाला होता.

चर्म म्हणजे कातडे. ज्या कातड्याला हात लावणाऱ्यांना या देशाने शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, त्याच कातड्यातल्या प्रथिनाने जगाच्या विज्ञानात भारताचे नाव नेले. जनावराच्या कोलॅजेनपासून बनवलेले पातळ पडदे आज भाजलेल्या आणि न भरणाऱ्या जखमांवर लावतात.

या वेणीला पक्के करायला शरीराला क जीवनसत्त्व लागते. पूर्वी लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांना महिनोन् महिने ताजी फळे-भाजी मिळत नसे, तेव्हा त्यांच्या जुन्या भरलेल्या जखमासुद्धा पुन्हा उघडत. आवळा, पेरू आणि लिंबू यांत हे जीवनसत्त्व भरपूर असते. यासाठी महागडी पावडर लागत नाही.

उंदराच्या पिल्लांनी लवकर डोळे उघडले

अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंतालचिनी हे दोघे नसांच्या वाढीवर काम करत होते. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तेव्हा पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले आणि दातही लवकर आले. कोहेन यांनी हे सोडून दिले नाही. अर्कातला कोणता पदार्थ हे करतो त्याचा त्यांनी माग काढला, आणि ५३ मण्यांची एक माळ सापडली. कातडीच्या पेशींना 'वाढा' असा निरोप देणारी ही माळ आज ईजीएफ या नावाने ओळखली जाते. या कामासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधातून खरी औषधे निघाली. क्यूबासारख्या छोट्या देशाने ईजीएफचे इंजेक्शन तयार केले. ते मधुमेहाच्या पायाच्या जखमेतच टोचतात. भारतात हैदराबादच्या भारत बायोटेकने ईजीएफचा मलम बनवला. अमेरिकेत १९९७ साली रक्तबिंबिकांच्या निरोपावर आधारलेल्या दुसऱ्या एका मलमाला मान्यता मिळाली. हा पदार्थ पेप्टाइडपेक्षा मोठा, म्हणजे प्रथिनच आहे.

त्या अमेरिकी मलमाचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोठ्या चाचणीत वीस आठवड्यांनंतर मलम लावलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ५० जणांची जखम पूर्ण भरली. औषध नसलेला मलम लावलेल्यांतही शंभरात सुमारे ३५ जणांची भरली. म्हणजे मलमाचा फायदा झाला, पण जादू झाली नाही. त्या ३५ जणांना काय मिळाले होते? जखमेची नियमित सफाई, वेळेवर पट्टी आणि पायावरचा भार कमी करणे. पुढे असेही दिसले की ज्या केंद्रांत डॉक्टर जखमेतले मेलेले मांस वारंवार काढत, तिथे मलम असो वा नसो, जास्त जखमा भरल्या. महागडे औषध अस्वच्छ जखमेवर काम करत नाही.

बेडकाच्या कातडीतले औषध आणि त्याचा धडा

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झास्लॉफ हे आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकांवर प्रयोग करत. शस्त्रक्रिया करून टाके घातले की ते बेडकांना पुन्हा टाकीतल्या पाण्यात सोडत. ते पाणी काही निर्जंतुक नव्हते. तरी बेडकांच्या जखमा चिघळत नसत. का? या साध्या प्रश्नातून १९८७ साली त्यांनी बेडकाच्या कातडीतून २३ मण्यांचे जंतुनाशक पेप्टाइड शोधले आणि त्याला मॅगेनिन हे नाव दिले.

त्यावरून मधुमेहाच्या चिघळलेल्या पायासाठी पेक्सिगॅनान नावाचा मलम तयार झाला. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. पण १९९९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली नाही. पुढे पुन्हा दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०१६ मध्ये निकाल आला की औषध नसलेल्या मलमापेक्षा तो सरस ठरला नाही. बेडकावर आणि काचेच्या बशीत जे उत्तम चालले, ते माणसाच्या पायावर चालले नाही.

माणसाच्या कातडीतही असे जंतू मारणारे पेप्टाइड आहे. ३७ मण्यांच्या त्या माळेला एलएल-३७ म्हणतात. ती जंतू मारते आणि पेशींना बांधकामाचा निरोपही देते. पायाच्या निळ्या शिरांमुळे होणाऱ्या जुनाट जखमांवर स्वीडनमध्ये ३४ रुग्णांवर तिची पहिली चाचणी झाली. कमी मात्रेत फायदा दिसला, मात्र सर्वांत जास्त मात्रेत तो दिसला नाही. नंतरच्या मोठ्या चाचणीत सर्व रुग्ण मिळून पाहिले तर ठळक फरक आढळला नाही. संशोधन पुढे चालू आहे. पण यातून एक गोष्ट शिकता येते: शरीराचा निरोप्या जास्त टोचला म्हणून काम जास्त होते असे नाही.

जिममध्ये विकले जाणारे इंजेक्शन

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. दुखापत लवकर बरी होते म्हणून ज्याची जाहिरात सर्वांत जास्त होते ते बीपीसी-१५७, पंधरा मण्यांचे पेप्टाइड. त्यावरचे बरेचसे संशोधन क्रोएशियातल्या झाग्रेब शहरातून आले आहे. उंदरांचे तुटलेले स्नायुबंध, पोटातले व्रण, स्नायूंच्या जखमा लवकर भरल्याचे त्यात दाखवले आहे. पण माणसांवरच्या चाचण्या अगदी थोड्या आणि छोट्या आहेत. माणसाला किती मात्रा द्यायची, किती दिवस द्यायची आणि पाच वर्षांनी काय होते, हे सिद्ध झालेले नाही.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना ते घेण्यास मनाई केली आहे. भरतीची किंवा राज्य स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही सुरक्षिततेची चिंता असलेल्या पदार्थांच्या यादीत त्याचे नाव घातले. बाटलीवर अनेकदा बारीक अक्षरात लिहिलेले असते की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांसाठी नाही. विकणारा ती ओळ वाचून दाखवत नाही.

आणखी एक धोका समजून घ्या. जखम भरायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, आणि कर्करोगाच्या गाठीलाही वाढायला नव्या रक्तवाहिन्याच लागतात. १९८६ साली अमेरिकन डॉक्टर हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी मांडले की कर्करोगाची गाठ ही कधीच न भरणाऱ्या जखमेसारखी वागते. 'वाढा' हा निरोप शरीरभर पाठवणारे इंजेक्शन घेताना तो निरोप नेमका कोण ऐकेल याची खात्री कुणी दिलेली नाही. शिवाय अशा बाटलीत आत खरोखर काय आहे आणि ती निर्जंतुक आहे का, हेही घरी कळत नाही. दोघांनी एकच सुई वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

केसपुत्तमधला प्रश्न

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की निरनिराळे लोक येऊन निरनिराळे सांगतात, आम्ही खरे कोणाचे मानावे? तथागतांनी त्यांना सांगितले त्याचा आशय असा की कुणी सांगतो म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. हिताचे आहे की अहिताचे ते स्वतः पारखा. औषधाच्या बाबतीत पारखणे म्हणजे काही साधे प्रश्न विचारणे:

• हे उंदरावर तपासले की माणसांवर? किती माणसांवर?
• ज्यांना औषध दिले नाही त्यांच्याशी तुलना केली का?
• त्या माणसांचा आजार माझ्यासारखाच होता का?
• भारतात या आजारासाठी याला परवानगी आहे का? पक्के बिल मिळते का?
• सांगणाऱ्याला विक्रीतून पैसे मिळतात का?

हेच प्रश्न बाबा-बुवाच्या राखेला विचारायचे आणि हेच इंग्रजी नावाच्या बाटलीला विचारायचे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा येत नाही. मग चाचणी न झालेले इंजेक्शन विज्ञानाच्या वेशात आले तरी ते का घ्यावे?

वेल्लोरने शिकवलेली गोष्ट

न भरणाऱ्या पायाच्या जखमेवरचा एक फार मोठा उपाय औषध नाही, आणि त्याचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. १९४६ पासून तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम केले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते असे तेव्हा मानत. ब्रँड यांनी दाखवले की मांस आपोआप सडत नाही. नस बधिर झालेली असते, दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि दाबाने जखम खोल जाते. दाब काढला की तीच जखम भरते. पायाला नीट बसणारे प्लास्टर आणि मऊ सूक्ष्म रबराच्या चपला यांनी हजारो पाय वाचले. पुढे हीच पद्धत मधुमेहाच्या पायासाठी जगभर गेली.

ज्यांना समाजाने वाळीत टाकले होते त्यांच्या पायांकडे कुणीतरी नीट पाहिले, म्हणून हे ज्ञान मिळाले. आजही तळपायाच्या जखमेवर कितीही भारी मलम लावला आणि त्याच पायावर दिवसभर उभे राहिले, तर मलम वाया जातो.

घरी काय करावे

मधुमेह असलेल्या प्रत्येकाचे पाय रोज रात्री पाहावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवावा, किंवा सुनेने, नातवाने पाहावे. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, भेग, फोड, लाल डाग आहे का ते बघावे.

पाय बधिर झाला आहे का, हे घरीच ओळखण्याची एक सोपी पद्धत इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी दाखवली आहे. आजीला डोळे मिटून झोपायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकाने तिच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, थोपटू नका. स्पर्श कळला की तिने 'हो' म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून दवाखाना गाठावा. मधुमेह नसताना अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते आणि त्याने आजार पूर्ण बरा होतो.

जखम झालीच तर ती वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी आणि स्वच्छ कोरड्या कापसाच्या कापडाने किंवा गॉजने झाकावी. तंबाखू, चुना, राख, रॉकेल, शेण असले काही भरू नये. गंजका खिळा लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नये, कातडी भाजली तरी कळत नाही. भोवरी ब्लेडने कापू नये.

पावसाळ्यात, आपल्या वर्षावासाच्या महिन्यांत, वस्तीत पाणी तुंबते. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालले तर लेप्टोसारखा आजार होऊ शकतो. पाण्यातून यावेच लागले तर घरी आल्याबरोबर पाय साबणाने धुवावेत, बेचके कोरडे करावेत आणि प्रतिबंधक गोळीसाठी पालिकेच्या दवाखान्यात विचारावे.

मिश्री, तंबाखू आणि विडी यांतले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. जखम भरेपर्यंत तरी ती बंद ठेवावी, मग कायमची सोडणे सोपे जाते. जेवणात अंडी, मटकी, चवळी, शेंगदाणे, सुकट, मासे असावेत. शरीर यांतलेच मणी सुटे करून कोलॅजेनची नवी माळ ओवते. जखम झालेल्या बाईच्या ताटात शेवटचे उरलेले वाढू नका. तिला त्या दिवसांत जास्त गरज असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा.

दवाखाना केव्हा गाठावा

मधुमेह असेल तर तळपायाची जखम छोटी असली तरी दुसऱ्याच दिवशी दाखवावी. मधुमेह नसेल आणि दोन आठवड्यांत जखम आटत नसेल तरीही दाखवावी. लाली पसरत असेल, पाय सुजला असेल, घाण वास येत असेल, बोट काळे पडले असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

उपचार सुरू झाल्यावर दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहावी. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली तर उपचार बरोबर चालला आहे. झाली नसेल तर डॉक्टरांना ती वही दाखवून विचारावे: रक्तपुरवठा तपासला का? हाडापर्यंत जंतू गेले आहेत का? पायावरचा भार कसा कमी करायचा? ईजीएफसारखा मलम आपल्या जखमेला योग्य आहे का? हे विचारणे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

तिशीनंतर साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. मोठा उपचार लागला तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे, मगच दागिना गहाण टाकण्याचा विचार करावा.

विहारातून सुरुवात

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. त्यानंतर तथागतांनी भिक्खूसंघाला आजाऱ्याची सेवा करायला शिकवले.

आमची वाचकांना एकच विनंती आहे. रविवारच्या वंदनेला आपण सगळे चपला बाहेर काढून बसतो. वंदना झाल्यावर महिला मंडळाने आणि तरुणांनी पंधरा मिनिटे काढावीत. वस्तीतल्या ज्येष्ठांच्या सहा बोटांना स्पर्श करून पाहावा, तळवे पाहावेत, ज्यांना कळत नाही त्यांची नावे लिहून त्यांना सोमवारी दवाखान्यात न्यावे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर तासन् तास रांगेत उभे राहणाऱ्या मधुमेही आई-काकांना नीट बसणारी चप्पल घालायला सांगावे आणि परत आल्यावर त्यांचे पाय पाहावेत.

प्रयोगशाळेतले संशोधन पुढे जाईल, त्यातून उद्या चांगली आणि स्वस्त औषधे येतील अशी आम्हाला आशा आहे. ती येतील तेव्हा या पानावर आम्ही तीही सांगू. तोपर्यंत पाय टिकले पाहिजेत, आणि त्यासाठी लागणारा आरसा, पट्टी, वही आणि स्वच्छ पाणी आपल्या प्रत्येक घरात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!